झाकणाचा वास

निरोप समारंभांची मला किळस आहे. नोकरीत मी असे एकोणीस समारंभ पाहिले. एकोणीसही वेळा शाल तशीच, नारळ तसाच, भाषण तेच. "ते निवृत्त झाले तरी मनाने आपल्यातच राहणार आहेत," हे वाक्य एकोणीसपैकी चौदा वेळा आलं. मी पुढच्या रांगेत बसून मोजत असे. कालपर्यंत ज्याला पाठीमागे शिव्या घातल्या त्याला हार घालताना डोळे पुसायचे, आणि पेढ्यांचा पुडा संपायच्या आत त्याच्या खुर्चीवर कोण बसणार याची कुजबुज सुरू करायची. सत्कारमूर्तीही कमी नसत. आयुष्यभर उशिरा येणारा माणूस त्या दिवशी वेळेवर येई आणि आपण किती वक्तशीर होतो हे रडत सांगे.

मी ठरवलं होतं की माझी वेळ आली की रडायचं नाही, मागे एकही डाग ठेवायचा नाही, आणि पुन्हा त्या फाटकातून आत पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. मला सत्तावन्न पूर्ण झाली ती पंचाण्णवच्या ऑक्टोबरअखेर. त्याच दिवशी मी तयारीला लागलो.

मी बारामतीजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रावर टेस्टर होतो. गावोगावचं दूध सकाळी कॅनमधून येई आणि धक्क्यावर उतरे. फॅट किती, डिग्री किती, हे यंत्र सांगे. पण त्याच्याही आधीचं काम नाकाचं. कॅनचं झाकण उघडलं की ते उलटं करून लगेच नाकाशी धरायचं. कॅनमध्ये कोंडलेला वास झाकणाला चिकटलेला असतो. एका श्वासात ठरवायचं, पास की परत. पास झालं की कॅन मोठ्या टबात उपडी होई आणि तिथून दूध टाकीत जाई. परत म्हणजे कॅनवर लाल खडूची फुली, आणि आणणाऱ्याने ते दूध घरी न्यायचं. सकाळी माझ्या रांगेला साधारण एकशे साठ कॅन येत. वर्षाचे तीनशे दिवस, सव्वीस वर्षं. बारा लाख अठ्ठेचाळीस हजार झाकणं मी हुंगली.

त्यात आंबूस होती, शेणाची होती, रॉकेलची होती, ओल्या फडक्याने पुसून तशीच दडपलेली होती. एका कॅनमध्ये मेलेली पाल निघाली, ती दिसायच्या आधी मला झाकणावर कळली. सवयीने किळस मरते असं लोक म्हणतात. मी माझी मरू दिली नाही. ज्याला किळस येत नाही तो धक्क्यावर कामाचा नाही, हे मला माझ्या आधीच्या टेस्टरने शिकवलं. त्यांना सगळे आबा म्हणत. बावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी उभे राहून झाकणं हुंगली.

चार वर्षांपूर्वी आबा निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा धक्क्यावर हजर. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. बाकड्यावर बसायचं, चहा प्यायचा, उठून कुठल्याही कॅनमध्ये बोट बुडवायचं आणि चाखायचं. त्याच हाताने नुकतीच तंबाखू मळलेली असे. हमाल लांबूनच म्हणत, "आले, बिनपगारी टेस्टर." ते बोट दुधात जाताना मी रोज बघत असे. वर्षभर सोसलं. मग पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली, "दुधात बोट घालू नये", आणि धक्क्याच्या मधोमध टांगली.

आबांनी ती वाचली. "हे माझ्यासाठी लिहिलंस व्हय?"

"सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांत दुसरं कोण बोट घालतंय?"

मी म्हणालो, "आबा, उद्यापासून येत जाऊ नका. लोक हसतात."

त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. निम्मा चहा तसाच होता. महिन्याभराने बारामतीतली भाड्याची खोली सोडून ते मुलाकडे इंदापूरला गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल.

तर माझी तयारी. शंभर पानी वहीत मी तीनशे पासष्ट चौकोन आखले आणि रोज एक खोडू लागलो. निवृत्तीनंतरचं वेळापत्रक केलं. पाचला उठणं, फिरणं, वाचनालय, आणि आठवड्यातून दोन दिवस शेळगावच्या वडिलोपार्जित रानात. बायकोने ते वाचलं आणि विचारलं, "ह्यात दळण कुठंय?" मी गुरुवारी दळण घातलं.

फुकटचे सल्ले देणारे भेटत, त्यांचा वेगळाच वैताग. "आता देवधर्म करा." "आता नातवंडं खेळवा." काटेवाडीचा एक ओळखीचा म्हणाला, "आमच्या मळ्यात येऊन बसत जा की, सावली हाय." जणू मी सुटलेला बैल. निवृत्त होणाऱ्याशी लोक आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात, आणि मनातून खूश असतात की आपला नंबर अजून लांब आहे.

फेब्रुवारीत एके सकाळी बायको अंगणातून ओरडत आत आली, "अहो, दूध करपून कोळसा झालं! घरभर वास सुटलाय आणि तुम्ही इथंच बसलाय?" मी शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत होतो. मला काही आलं नव्हतं.

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

धक्क्यावरही तेच होतं. झाकण नाकाशी धरलं की नुसता पत्र्याचा गारवा लागे. पंधरा दिवसांनी मी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नाकात टॉर्च मारून पाहिलं आणि वय विचारलं. मी सांगितल्यावर औषध न देताच टॉर्च ठेवून दिला. तिथेच मी थांबायला हवं होतं, पण मी थांबलो नाही. वहीतले चौकोन निम्म्याकडे सरकत होते. सव्वीस वर्षांची नोकरी डागाशिवाय पार पाडायची होती, आणि नाक गेलेला टेस्टर हा डागच.

म्हणून मी हिशेबाने काम करू लागलो. कुठल्या गावची कॅन वर्षात किती वेळा परत गेली ते रजिस्टरमध्ये होतंच. टेम्पो किती उशिरा आला, ऊन किती होतं, आणणारा डोळ्याला डोळा देतोय का, हे सगळं जुळवून मी पास-परत सांगत असे. झाकण नाकाशी धरायचो ते दाखवायला. तीनदा, टाकीच्या मागे कुणी नाही असं पाहून, मी दुधात बोटही बुडवलं. आंबट लागतं का ते जिभेला कळतं, पण तेवढंच कळतं. ते बोट तोंडात घालताना आबांचं बोट डोळ्यांसमोर आलं आणि मला खरोखरच ओकारी आली. माझ्याच पाटीखाली, शंभर माणसांसमोर, ते करणं शक्यच नव्हतं.

एक गंमत अशी की नाकातून गेलेली किळस कमी झाली नाही. ती माणसांवर उतरली. त्या दिवसांत मला प्रत्येक जण घाण वाटायचा. हमाल कामचुकार, शेतकरी लबाड, मॅनेजर लाळघोटा.

मे महिन्यात जळोचीचे तात्या दोन कॅन घेऊन आले. तात्या साठी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, ती विकून यांनी जर्सी गाई घेतल्या. एम-एटी दुचाकीच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून ते स्वतःच येत. आदल्या वर्षी त्यांच्या नऊ कॅन परत गेल्या होत्या, कारण घरी कॅन नीट धुतल्या जात नसत. नऊ हा आकडा मला पाठ होता. पहिली कॅन उघडली, मी झाकण नाकाशी धरलं, तात्यांकडे पाहिलं आणि फुली मारली.

"परत."

"सायब, पुन्यांदा हुंगा की. आज म्या सोता राखंनं घासून धुतलीया."

"एकदा सांगितलं, तात्या."

"सांगितलं त्ये ऐकलं. पर वास कशाचा आला त्ये तर सांगा."

"आंबूस."

त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेतलं, हुंगलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दुसरी कॅन मी पास केली. ती रिकामी करून घेऊनही ते गेले नाहीत. परत गेलेली कॅन एम-एटीला बांधून बाजूला उभे राहिले. तेवढ्यात एक टेम्पो लागला. त्या गावची कॅन वर्षात एकदाही परत गेली नव्हती. मी झाकणं नाकाशी नेत गेलो आणि पास, पास म्हणत गेलो. चौथी कॅन टबात उपडी झाली तोच तात्या धक्क्यावर चढले, त्या कॅनचं झाकण उचललं आणि माझ्या नाकाखाली धरलं.

"आन् ह्यो कशाचा वास हाय?"

एक हमाल हसला. "तात्या, तुमीच व्हा की टेस्टर. जागा व्हायलीच हाय रिकामी."

सगळे हसले. मी ओरडलो, "खाली उतरा आधी! शेतकऱ्यानं धक्क्यावर चढायचं नाही, माहीत नाही का?"

तात्या उतरले. जाताना फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "सायब, मेंढी आपलं कोकरू वासानं वळखती. येखादीचं नाक बसलं, तर ती दुसऱ्याच्या कोकराला पाजती आन् आपल्याला लाथ मारती. आमी आसली मेंढी कळपातनं बाजूला बांधायचो. तिची चूक नसती त्यात. पर बांधावं लागतं."

दुपारी लॅबमधल्या बाई आल्या. पस्तिशीच्या, शांत, कामाला चोख. "टाकी आंबट दाखवतेय. दोन हजार लिटर पुढे पाठवता येणार नाही. सकाळी एखादी कॅन तशी गेली का?"

"ऊन किती आहे बघताय ना," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांतलं माझं हे पहिलं खोटं, असं मी लिहिणार होतो. पण पहिलं खोटं 'सर्दी' हे होतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला बारा वाट्या मांडायला सांगितल्या. सहांत ताजं दूध, सहांत सकाळचं, न तापवता उकाड्याने आंबलेलं. खुणा तळाला, आणि क्रम तिने लावायचा.

"कसली पूजा ही?" ती म्हणाली.

"नाकाची परीक्षा."

मी डोळे मिटून एकेक वाटी हुंगली आणि ती माझी उत्तरं लिहीत गेली. बारापैकी पाच बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी सहा आली असती. ती वाट्या उचलताना म्हणाली, "अहो, मला इथं दारात उभं राहून कळतंय."

मग मला आबांचं शेवटचं वर्ष आठवलं. "तूच बघ रे माझी पण रांग, मला सर्दी झालीय." वर्षभर ते हे म्हणत होते. वर्षभर सर्दी कुणाला असते? मी तेव्हा त्यांना आळशी समजलो होतो. आणि निवृत्तीनंतर ते चाखत होते, कारण हुंगून काही कळत नव्हतं. मी त्यावर पाटी करून टांगली.

वहीत एकशे त्रेसष्ट चौकोन उरले होते. आबांसारखं करणं सोपं होतं. बाईंना म्हणायचं, सर्दी आहे, तुम्ही बघा. कुणाला कळलं नसतं, मी स्वच्छ निघून गेलो असतो. तात्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. त्या एका विचाराचीच मला इतकी घाण वाटली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांना बाईंच्या समोर सगळं सांगितलं. मॅनेजर खुर्चीतून पुढे वाकले. "अहो भाऊसाहेब, कशाला बोभाटा करता? पाच महिने तर राहिलेत. सर्दी म्हणा, कागदावर काही नको. बाई बघतील. तुमचा समारंभ चांगला करायचाय आपल्याला."

"टाकी माझ्यामुळे गेली, हे कागदावर घ्या."

"वरून विचारलं तर माझ्या अंगावर येईल." हे मात्र ते मनापासून बोलले.

मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

बाई धक्क्यावर आल्या त्या नाकावर पदर घेऊन. मी म्हणालो, "आधी पदर काढा." तिसऱ्याच झाकणाला त्या टाकीमागे धावल्या. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"रोज असं होणार?"

"होऊ द्या. तेच कामाचं आहे. ज्या दिवशी व्हायचं थांबेल त्या दिवशी सांगा."

"तुम्हाला?"

"सगळ्यांना."

तात्या येईनासे झाले. आठव्या दिवशी मी सायकलवर जळोचीला गेलो. ते गोठ्यात वैरण टाकत होते. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं की नाक गेलं आहे, आणि त्यांचं दूध चांगलं होतं.

"आता सांगताय व्हय? त्ये वासरास्नी पाजलं. उरल्यालं कुत्र्यानं खाल्लं." वैरणीचा भारा सोडत त्यांनी विचारलं, "कवाधरनं गेलंय?"

"फेब्रुवारीपासून."

ते बोटांवर मोजू लागले. "तवापासून माज्या चार कॅनी माघारी आल्या."

मी निघण्याआधी रजिस्टर पाहिलं होतं. चारच होत्या.

"त्यातली येक खरंच आंबल्याली हुती," तात्या म्हणाले. "सुनंनं रातचं दूध मिसळलं हुतं. तीन चांगल्या हुत्या. तीनच धरा."

आयुष्यभर मी ज्यांना लबाड धरत आलो त्यातल्या एकाने माझ्या पापाचा आकडा एकाने कमी करून दिला. "उद्या दूध आणाल का?" एवढंच विचारलं.

"आणीन. पर बाईंनी हुंगायचं. तुमी लांब उभं ऱ्हायचं."

पुढचे पाच महिने मी लांब उभा राहिलो. हातात खडू होता. बाई पास-परत सांगत आणि मी फुली मारत असे.

ऑक्टोबरअखेर माझा समारंभ झाला. विसावा. अध्यक्ष म्हणाले, "यांच्या नाकाला सव्वीस वर्षांत कुणी फसवू शकलं नाही." मग ते मनाने आपल्यातच राहण्याचं वाक्य आलं. एकूण पंधरा. मॅनेजरांनी हार घालताना डोळे पुसले. उत्तराला मी उभा राहिलो आणि सांगितलं की फेब्रुवारीपासून मला वास येत नव्हता, तीन चांगल्या कॅन मी परत लावल्या, एक नासकी पास केली, दोन हजार लिटर दूध माझ्यामुळे वाया गेलं, आणि ही मोजणी फक्त कळलेल्या चुकांची आहे.

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. "केवढा हा विनय!" अध्यक्ष म्हणाले. इतकं ओशट मी आयुष्यात काही अनुभवलं नाही. मेलेली पाल बरी. टाळ्या न वाजवणाऱ्या फक्त बाई होत्या. त्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. तात्यांना मी बोलावलं होतं, ते आले नव्हते. शाल मी खुर्चीवरच टाकून निघालो होतो. ती बायकोने पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाप्रमाणे वाचनालय होतं. साडेसहाला माझं लक्ष गेलं, तेव्हा मी चपला घालून, सायकलचं कुलूप काढून उभा होतो आणि चाक डेअरीच्या दिशेला होतं. वर्षभर आखलेले चौकोन त्या मिनिटाला काही उपयोगाचे नव्हते. सायकल पुन्हा लावली आणि चालत एसटी स्टँडवर गेलो. इंदापूरची गाडी लागलेली होती.

आबा मुलाच्या घरासमोर बाकड्यावर बसले होते. मला ओळखून त्यांनी तोंड फिरवलं. तळहातावर तंबाखू होती, ती मळत राहिले.

"कशाला आलास?"

मी उभाच होतो. गाडीत दीड तास जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मी वापरलं नाही.

"सर्दी कशी आहे, आबा?"

त्यांचा अंगठा थांबला.

"तुलाबी झाली व्हय? किती दिस?"

"फेब्रुवारीपासून."

"कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. काल भरसभेत."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

आबांनी तंबाखू दाढेखाली सरकवली आणि बाजूला पचकन थुंकले. "थू. हरामखोर." हे मला होतं की त्यांना, मी विचारलं नाही. दोन्ही चाललं असतं.

तोंड पुसून त्यांनी विचारलं, "ती पाटी हाय का अजून?"

"आहे. काढायला सांगतो."

"कशाला? ऱ्हाऊ दे." त्यांनी मळकट बोटाकडे पाहिलं आणि ते धोतराला पुसलं. "दुधात बोट घालणं घाणच हाय."

मग ते बाकड्यावर एका कडेला सरकले.